लग्न झालं? मग पीएफचं नॉमिनेशन पुन्हा भरा

भोसरीतल्या एका वर्कशॉपचा एचआर मीच, पगारपत्रकही मीच. लग्नाचे पेढे घेऊन कुणी आलं की पेढा तोंडात टाकत पहिलं विचारतो, ‘पीएफला नॉमिनी कोण?’ उत्तर बहुधा ‘आई’. लग्नाआधीचं नॉमिनेशन लग्नानंतर नियमाप्रमाणे रद्द ठरतं, हे कुणाच्या गावीही नसतं.

आधी 12 आकडी यूएएन, म्हणजे तुमचा पीएफचा कायमचा नंबर, शोधा. आमच्याकडे तो पगाराच्या स्लिपवरच असतो. ईपीएफओच्या (पीएफ सांभाळणारी सरकारी संस्था) मेंबर पोर्टलवर लॉगिन करून ‘मॅनेज’मध्ये ‘ई-नॉमिनेशन’ उघडा. बायकोचा (किंवा नवऱ्याचा) आधार नंबर आणि फोटो हाताशी ठेवा. फोटो मोठा असला की चढत नाही. इथेच निम्मे जण वैतागून उठतात. कुणाला किती टक्के ते भरा आणि शेवटी आधारचा ओटीपी टाकून ई-साइन कराच. नुसतं ‘सेव्ह’ केलेलं धरत नाहीत.

एवढा खटाटोप कशाला? नोकरीत असताना माणूस गेला, तर नॉमिनीला पीएफच्या रकमेशिवाय ईडीएलआयचे, म्हणजे पीएफसोबत येणाऱ्या आयुर्विम्याचे, 7 लाखांपर्यंत मिळू शकतात. हप्ता कंपनी भरते, तुमच्या पगारातून छदामही जात नाही.

दुपारच्या चहाला आमचं वायफाय बरं चालतं. आधारला जोडलेला मोबाइल घेऊन तेव्हाच या.