खाडीत कण सोडण्याआधी (आणि आधी घड्याळ बघा)

लॅपटॉप, चार्जर, रिकामी जागा असलेली हार्डडिस्क हे सांगत बसत नाही. ओपनड्रिफ्ट (तेल किंवा तरंगती वस्तू वाहत कुठे जाईल ते काल्पनिक कण सोडून काढणारं संगणकाचं मॉडेल) आदल्या रात्री नाही, आदल्या आठवड्यात चालवून बघा. बास.

आता वेळ. प्रत्येक फाइल कुठल्या वेळेत आहे ते आधी शोधा. नॉर्वेच्या हवामान संस्थेचं ओपनड्रिफ्ट यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) धरून चालतं. ईआरए५ चा (जगभरच्या हवामानाच्या माहितीसंचातला) वारा यूटीसीत, जीपीएसची नोंद यूटीसीत. आणि तुमची वही, मनगटावरचं घड्याळ, भरती-ओहोटीचं छापील कोष्टक, तांडेलाचा (होडी चालवणाऱ्याचा) फोन, हे सगळं भारतीय वेळेत. फरक साडेपाच तासांचा. मला हे माहीत नव्हतं असं अजिबात नाही. वाऱ्याची फाइल उतरवताना मी स्वतः वहीत ‘यूटीसी’ लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या. पण मॉडेलमधल्या सुरुवातीच्या वेळेच्या ओळीत बारा लिहिले, कारण मॉडेल पडताळायची फळकुटं पाण्यात बारा वाजता सोडायची होती.

दिवस माघी पौर्णिमेचा. रेवस आणि करंजा यांच्या मधोमध, धरमतर खाडीच्या तोंडाशी, केशरी रंगवलेली प्लायवूडची वीस फळकुटं. मॉडेलच्या मते सगळी खाडीत आत चढणार होती, म्हणून ती वेचायला दोघांना आतल्या अंगाला बसवून ठेवलं होतं. तांडेलाने एक फळकूट हातात उलटंसुलटं करून पाहिलं आणि म्हणाला, “ओहोटी लागलीय ताई, आत कशी जातील?” मी त्याला स्क्रीन दाखवली. फळकुटं मांडव्याच्या बाजूने सरळ बाहेर निघून गेली. वीसातली तीन परत मिळाली.

अर्ध्या-एक तासाची चूक असती तर चित्र थोडं सरकलं असतं, कुणाला कळलंही नसतं. पण मुख्य चांद्र भरतीचा फेरा १२ तास २५ मिनिटांचा, म्हणजे पूर्ण भरतीपासून पूर्ण ओहोटी साधारण सव्वासहा तासांवर. साडेपाच तास चुकलात की जवळजवळ अर्धा फेरा चुकलात. भारतीय वेळेत ही चूक प्रवाह उलटाच करते. मी लिहिलेले बारा मॉडेलने यूटीसी धरले, म्हणजे आपले संध्याकाळचे साडेपाच, आणि तेव्हा खरोखरच भरती चढायला लागलेली असते. मॉडेल बरोबर होतं. वेगळ्या वेळेचं बरोबर होतं.

हे पकडायला संगणक लागत नाही. तिथीची पाऊणपट करा, पूर्ण भरतीची वेळ येते. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. अष्टमीला सहा. किनाऱ्यावर हे कुणालाही विचारा. या वेळेच्या आसपास खाडीच्या तोंडाशी प्रवाह मंदावून उलटा फिरताना मॉडेलमध्ये दिसला पाहिजे. दिसत नसेल तर पुढचं काहीही करू नका, वेळ तपासा.

प्रवाहाची फाइल निवडताना जाळीचा आकार, म्हणजे समुद्राचे केवढे चौकोन पाडलेत ते, बघा. जागतिक मॉडेल एक द्वादशांश अंशाचं असतं, म्हणजे एक चौकोन साधारण नऊ किलोमीटरचा. त्यात मुंबई बंदर दोन-चार चौकोनांत संपतं आणि धरमतर खाडी नसतेच. शिवाय दिवसाची सरासरी असलेली फाइल घेतलीत तर भरती आणि ओहोटी एकमेकींना खाऊन टाकतात आणि कण जागच्या जागी डुलत राहतात. उघड्या समुद्रात ठीक, खाडीत फुकट. खाडीसाठी भरती धरणारं बारीक जाळीचंच मॉडेल हवं, तासाच्या नोंदींचं. त्या नोंदी कुठल्या वेळेत आहेत? बघितलंत?

वारा. ‘वायव्येचा वारा’ म्हणजे वायव्येकडून येणारा, पण प्रवाहाची दिशा मात्र तो जिकडे जातो ती सांगतात. दोन्ही एकाच सूत्रात घालणारी माणसं मी पाहिली आहेत. तेलाचा तवंग वाऱ्याच्या वेगाच्या साधारण तीन टक्के वेगाने सरकतो असं धरतात. फळकुटाला, अर्धवट बुडालेल्या कंटेनरला, माणसाला तोच आकडा लावू नका. अशा वस्तूंसाठी ओपनड्रिफ्टमध्ये ‘लीवे’ नावाचा वेगळा भाग आहे, त्यात वस्तूचा प्रकार निवडायचा असतो. सरावाला ७ ऑगस्ट २०१० चा अपघात घ्या. मुंबई बंदराबाहेर एमएससी चित्रा आणि खलिजिया-३ ही जहाजं धडकली, तेलही सांडलं आणि कंटेनरही पडले. दोन्ही एकाच ठिकाणाहून सोडून बघा, वाटा कशा फुटतात ते. (अपघात सकाळचा. सकाळ कुठल्या घड्याळातली, हे आता विचारत नाही.)

एकच कण सोडून रेघ काढू नका, हजारभर सोडा. मॉडेलला न दिसणाऱ्या भोवऱ्यांसाठी प्रत्येक पावलाला (मॉडेल वेळेत एकदा पुढे सरकतं तेवढ्याला) थोडा यादृच्छिक धक्का द्यायचा असतो. विसरण गुणांक (कण किती पसरतात त्याचा आकडा) सेकंदाला एक चौरस मीटर आणि पाऊल दहा मिनिटांचं असेल तर धक्का साधारण ३५ मीटरचा. पाऊल तासाचं ठेवू नका. सेकंदाला एक मीटर प्रवाहात कण एका उडीत साडेतीन किलोमीटर जातो, म्हणजे करंज्याचा डोंगरसुद्धा ओलांडतो.

किनाऱ्याला लागला की कण चिकटणार की परत सुटणार, ते आधीच ठरवा. तिवरांत शिरलेलं तेल सहजासहजी बाहेर येत नाही. प्रवाहाच्या फाइलीत जमिनीच्या चौकोनात शून्य आहे की रिकामं, तेही बघा. शून्य असेल तर किनाऱ्याजवळचे कण उगाच रेंगाळतात.

तेल असेल तर मॉडेलमध्ये उडून जाणं, पाण्यात घुसळणं चालू करा. नकाशा काढा. यादृच्छिक बीज (तेच धक्के पुन्हा मिळवून देणारा आकडा) लिहून ठेवा. फाइलच्या नावात तारीख घाला.

आणि निघायच्या आधी सुरुवातीच्या वेळेची ओळ पुन्हा एकदा उघडा. बारा वाजता सोडणार असाल तर तिथे ०६:३० दिसलं पाहिजे.