मुंगीचा पहारा उठवा, मग भुंगा सोडा

निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्षबागेत मिलीबग (पिठ्या ढेकूण, रस शोषणारी पांढरी कीड) दिसला की हात आधी फवारणीच्या औषधाकडे जातो. त्याआधी एका वेलीच्या बुडाशी बसा आणि दहा मिनिटं नुसत्या मुंग्या बघा. वर जाणाऱ्या सडपातळ आणि उतरणाऱ्यांची पोटं फुगून काचेसारखी चमकत असतील, तर वर मिलीबगचं दुकान जोरात चाललंय.

दुकानाचा हिशेब असा. पानं उन्हावर साखर बनवतात, ती सालीखालच्या नळ्यांतून घडांकडे निघते. मिलीबग तिथेच सोंड खुपसतो. त्या रसात साखर रग्गड, पण अंग धरायला लागणारा नत्र फार थोडा. नत्राची गरज भागवायला तो पोटापेक्षा कितीतरी जास्त रस ओढतो आणि नको असलेली साखर चिकट थेंबांनी मागून टाकतो. तेच थेंब मुंगी पिते. पानांवर-घडांवर सांडलेल्यावर काळी बुरशी चढते. बदल्यात मुंगी राखण करते. मिलीबग खायला आलेल्या ढालकिड्याला ती चावून हुसकावते. म्हणून मुंग्या असताना क्रिप्टोलिमस भुंगे (मिलीबग खाणारे ढालकिडेच) विकत आणून सोडणं म्हणजे पैसे मातीत घालणं.

छाटणीनंतर खोड आणि ओलांड्यांवरची (आडव्या जाड फांद्यांवरची) सुटी साल गोणपाटाने घासून काढा. खाली ताडपत्री अंथरा, कारण सालीत मिलीबगची अंडी असतात. गोळा झालेली साल बागेबाहेर नेऊन नष्ट करा. मग खोडावर ४-५ सेंमी रुंद प्लास्टिकची पट्टी घट्ट गुंडाळून तिच्यावर चिकट लेप द्या. ग्रीस थेट सालीवर नको, खोडाला इजा होते. बहुतेकांचं फसतं ते पुढे: खोड बंद केलं तरी मांडवाचे खांब, ठिबकची नळी, वर टेकलेलं गवत, लोंबती काडी या वाटा उघड्याच राहतात. खांबांनाही लेप लावा, गवत काढा. धूळ बसली की लेप निकामी होतो, दर आठवड्याला बोट लावून बघा.

वारुळं जवळ असतील तर १ लिटर पाण्यात २५० ग्रॅम साखर आणि ५ ते १० ग्रॅम बोरिक ॲसिड विरघळवून, झाकणाला भोकं पाडलेल्या डब्यांतून ठेवा. मुलं-जनावरं पोचणार नाहीत अशा जागी. प्रमाण वाढवू नका. मुंगी वाटेतच मेली तर विष वारुळात पोचत नाही.

मुंग्यांची रांग तुटली की संध्याकाळी भुंगे सोडा, लागण झालेल्या वेलीवर साधारण १०. सगळ्या बागेत वाटत बसू नका. भुंग्याची पिढी उभी राहायला मिलीबगची दाट वस्तीच लागते. तुरळक मिलीबगवर तो टिकत नाही. आधी कडक कीटकनाशक मारलं असेल तर त्याचा अंश उतरेपर्यंत थांबा.

दोन-तीन आठवड्यांनी मजूर ‘मोठा मिलीबग वाढला’ म्हणत येतील. नीट बघा: अंगावर लांब पांढरे मेणाचे धागे, लांबी सेंटीमीटरभर, काडी लावली की तुरुतुरु पळतो. ती क्रिप्टोलिमसची अळी, सगळ्यात जास्त खाणारी. खरा मिलीबग जेमतेम ३ मिलिमीटर, जागचा फारसा हलत नाही आणि गुलाबी जातीचा चिरडला तर बोटाला गुलाबी डाग पडतो.

हे सगळं ऑगस्ट-सप्टेंबरात उरका. डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा घसरला की भुंगा सुस्तावतो आणि तोवर मिलीबग घडात शिरलेला असतो.