आर-स्क्वेअर पाहून हुरळण्याआधी

आधी हे करून बघा. १०० ओळी, ५० चल (अंदाजासाठी वापरायचे स्तंभ) आणि एक उत्तराचा स्तंभ, सगळे यादृच्छिक आकडे. रिग्रेशन, म्हणजे चलांवरून उत्तराचा अंदाज बांधणारं मॉडेल, चालवा. निव्वळ गोंगाट असूनही आर-स्क्वेअर (उत्तरातल्या चढउताराचा मॉडेलने टिपलेला वाटा) सरासरी ०.५० च्या आसपास येतो. चलांची संख्या भागिले ओळी वजा एक, म्हणजे ५० भागिले ९९, बस्स. आता ०.२५ पेक्षा कमी पी-मूल्याचे (खरा संबंध नसतानाही इतका ठळक संबंध दिसण्याची शक्यता म्हणजे पी-मूल्य) चल ठेवून मॉडेल पुन्हा बसवा. त्यातले कित्येक एकदम ‘लक्षणीय’ दिसू लागतात. संख्याशास्त्रज्ञ डेव्हिड फ्रीडमन यांनी १९८३ मध्ये नेमकं हेच दाखवलं होतं. दुसऱ्या फेरीतल्या पी-मूल्याला आधीच्या चाळणीचा पत्ताच नसतो ना!

मी स्वतः फसलो ते वेगळ्या ठिकाणी. चल अख्ख्या डेटावर निवडले आणि क्रॉस-व्हॅलिडेशन (डेटाचे तुकडे, म्हणजे फोल्ड, पाडून आळीपाळीने एक बाजूला ठेवायचा आणि त्यावर मॉडेल तपासायचं) नंतर केलं. आकडे झकास आले, नव्या डेटावर मॉडेल तोंडावर आपटलं. म्हणून निवडसुद्धा प्रत्येक फोल्डच्या फेरीतच, बाजूला ठेवलेला तुकडा वगळून, दर वेळी नव्याने करा. कोडला वेळ लागतो, लागू दे.

शंका उरलीच तर उत्तराचा स्तंभ पत्त्यांसारखा पिसून तीच सगळी प्रक्रिया, निवडीसकट, २०० वेळा चालवा. तुमचा आर-स्क्वेअर त्या २०० आर-स्क्वेअरच्या गर्दीतच बसत असेल, तर चलांची यादी खुशाल फेकून द्या.