शिडाच्या होडीची बॅटरी: या चुका टाळा

आमची शिडाची छोटी होडी मुंबईला समुद्रात उभी असते आणि आम्ही तिघे भागीदार बडोद्यात. दोन फेऱ्यांच्या मध्ये महिना-दीड महिना सहज जातो. आमच्या दोन बॅटऱ्या याच रिकाम्या दिवसांत गेल्या, वापराने नव्हे. रविवारी संध्याकाळी अर्धी उतरलेली बॅटरी तशीच सोडून आम्ही रात्रीची गाडी पकडायचो. लेड-ॲसिड बॅटरी अशी अर्धवट पडून राहिली की प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं आणि मग ती पूर्ण चार्ज घेतच नाही. आता 20 वॉटचं सोलर पॅनल, कंट्रोलर (बॅटरी जास्त चार्ज होऊ न देणारं यंत्र) लावून, कायम जोडलेलं असतं. पावसाळ्यात बॅटरी मोटारीतून दांडिया बाजारातल्या घरी येते आणि महिन्यातून एकदा चार्ज होते, तीही खिडक्या उघड्या ठेवून.

घेताना गाडीची बॅटरी घेऊ नका. तिच्या पातळ प्लेटा इंजिन सुरू करण्यापुरता क्षणभर मोठा करंट देतात. रोज खोल उतरवली तर लवकर निकामी होते. घरच्या इन्व्हर्टरची ट्यूब्युलर बॅटरी ते सोसते, पण होडी वाऱ्याने कलते आणि त्या बॅटरीत सुटं ॲसिड असतं. म्हणून सीलबंद एजीएम (हिच्यात ॲसिड काचतंतूंच्या चटईत शोषलेलं असतं), तीही डीप सायकल, म्हणजे वारंवार खोल उतरवली तरी टिकणारी, घ्या. लिथियम घ्यायची तर चार्जरही तिला चालणारा घ्यावा लागतो.

आकार अंदाजाने ठरवू नका. आमचा हिशेब: नांगरावरचा एलईडी दिवा 0.3 अँपिअर, 10 तास, म्हणजे 3 अँपिअर-तास, चालतानाचे दिवे 4, बोलायचा रेडिओ (वायरलेस सेट) 5, फोन वगैरे 3. एकूण 15. लेड-ॲसिड निम्म्याखाली उतरवायची नसते, म्हणून किमान 30. आम्ही 40 ची घेतली.

आता सगळ्यात महागात पडलेली चूक. रेडिओवर ऐकू यायचं, पण बोलायला बटण दाबलं की सेट बंद. आम्ही मल्टीमीटर (व्होल्टेज मोजायचं यंत्र) लावला, सेटच्या वायरीवर 12.6 व्होल्ट दिसले, आणि सेटच बिघडला असं ठरवून टाकलं. मीटर जवळजवळ करंट ओढतच नाही, त्यामुळे कुजलेल्या जोडातूनही व्होल्टेज पूर्ण दिसतं. ऐकताना सेटला अर्धा अँपिअर पुरतो, बोलताना पाच-सहा लागतात. म्हणून लोड, म्हणजे करंट ओढणारा सेट, चालू ठेवून मोजा: मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरी सेटच्या निगेटिव्हवर, आणि कुणालातरी बटण दाबायला सांगा. आकडा शून्याच्या आसपास हवा. आमच्याकडे 1.8 आला! जोडावरची टेप काढली तर तांबं हिरवं पडलेलं, पीळ देऊन जोडलेलं. तो तुकडा कापून कल्हई केलेली तांब्याची वायर टाकली, जोड क्रिंप केला (धातूच्या नळीत दाबून पक्का केला), वर गोंदवाली हीट-श्रिंक, म्हणजे तापवल्यावर आवळणारी नळी, चढवली. तोच जुना सेट आजही चालतो.

फ्यूज उडाला तर मोठा बसवू नका. तो वायर वाचवायला असतो, आणि भर समुद्रात वायर पेटली तर पळायला जागा नाही. मुख्य फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्हला लागूनच हवा.

होडीत साठलेलं पाणी उपसणारा पंप मात्र मेन स्विचच्या आधी, स्वतःच्या फ्यूजवर थेट बॅटरीला जोडा. आम्ही इकडे बडोद्यात असताना तो एकटाच जागा असतो.