पेलेटचा वेग मोजताय? क्रोनोग्राफ घेताना आणि लावताना या चुका टाळा

एअर रायफलवाल्यांच्या गप्पांत क्रोनोग्राफचा, म्हणजे पेलेटचा (छर्ऱ्याचा) वेग मोजणाऱ्या यंत्राचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘रायफल किती एफपीएस (सेकंदाला किती फूट वेग) देते?’ माझ्या मते पहिली चूक इथेच होते. १० मीटरच्या मॅच रायफलमधून साधारण ०.५३ ग्रॅमचं पेलेट सेकंदाला १७० ते १८० मीटर वेगाने निघतं आणि या खेळाला तेवढा वेग पुरतो. बघायचं असतं ते एवढंच, की मॅचमधली साठही पेलेट्स एकाच वेगाने निघतात का.

हा हिशेब घरी करून बघा. सेकंदाला १७५ मीटर वेगाने निघालेलं पेलेट १० मीटरवर पोहोचेपर्यंत गुरुत्वाकर्षणाने जवळजवळ पावणेदोन सेंटिमीटर खाली येतं. साइट (नेम धरायचं साधन) त्यानुसार लावलेली असते, म्हणून ते जाणवत नाही. पण वेग १ टक्क्याने घटला, तर पेलेट आणखी सुमारे ०.३५ मिलिमीटर खाली लागतं. टार्गेटवर दशांश गुणाची एक पायरी पाव मिलिमीटरची असते. म्हणजे नेमबाजाची काहीही चूक नसताना १०.९ चा शॉट १०.८ होतो. हा फरक डोळ्याला दिसत नाही, क्रोनोग्राफला दिसतो.

यंत्र निवडताना

बाजारातली सगळ्यात स्वस्त यंत्रं ऑप्टिकल असतात. साधारण फूटभर अंतरावर दोन सेन्सर, वर काड्या आणि पांढरी छत्री. पेलेटची सावली पहिल्या सेन्सरवरून दुसऱ्यावर जायला किती वेळ लागला, यावरून वेग काढला जातो. मोकळ्या मैदानात हे चांगलं चालतं. बंदिस्त रेंजवर मात्र ट्यूबलाइटखाली ते हमखास गोंधळतं, कारण आपली वीज ५० हर्ट्झची आणि साधी ट्यूब सेकंदाला शंभर वेळा लुकलुकते. बरेच एलईडी दिवेही असेच लुकलुकतात. सराव बंदिस्त रेंजवरच होणार असेल, तर स्वतःचा इन्फ्रारेड प्रकाश असलेलं यंत्र घ्या. बजेट असेल तर रडार. ते रायफलच्या शेजारी ठेवायचं असतं, पेलेटच्या वाटेत काहीच येत नाही. पण घेण्याआधी त्यात एअरगनसाठी वेगळा मोड आहे का ते तपासा. काही रडार गोळीच्या आवाजाने सुरू होतात आणि एअर रायफलचा हलका आवाज त्यांना पुरत नाही.

नळीला पट्ट्याने बांधायचा चुंबकीय प्रकार दारूगोळ्याच्या बंदुकांसाठी ठीक आहे. मॅच एअर रायफलवर मी तो सुचवणार नाही. नळीवर वजन आलं की पेलेट लागण्याची जागा सरकते, त्यामुळे वेग आणि ग्रूपिंग (पेलेट्स किती जवळजवळ लागतात ते) एकत्र तपासता येत नाही.

लावताना

सगळ्यात महागात पडणारी चूक उंचीची असते. साइट नळीच्या कित्येक सेंटिमीटर वर असते. साइटमधून पाहिलं की काड्यांमधली मोकळी जागा स्वच्छ दिसते, पण पेलेट तिच्या खालून जातं आणि थेट क्रोनोग्राफचा डबा फोडतं. म्हणून उंची लावताना साइटमधून बघूच नका. रायफल रिकामी, सेफ्टी फ्लॅग (नळी रिकामी असल्याची खूण) आत, आणि मागे उभं राहून नळीची रेषा काड्यांच्या मधोमध येते का ते पाहा. हे काम फायरिंग लाइन बंद असताना, रेंज ऑफिसरला सांगूनच करायचं. शेजारच्या लेनवर कुणी शॉट घेत असताना ट्रायपॉड सरकवायला पुढे जाणं हा अक्षम्य प्रकार आहे, मग तो कितीही अनुभवी नेमबाज असो.

अंतर साधारण एक मीटर ठेवा. फार जवळ ठेवलं तर नळीतून निघालेल्या हवेचा झोत सेन्सरला फसवतो आणि भलतेच आकडे येतात. पॉइंट टू टू (.२२) या दारूगोळ्याच्या रायफलला तर तीन मीटर तरी सोडावे लागतात. फार लांब नेलं तर सपाट तोंडाचं पेलेट वाटेतच वेग गमावतं. महत्त्वाचं हे की अंतर दर वेळी तेच असावं. फीत लावून मोजा आणि जमिनीवर टेपची खूण करून ठेवा.

डबा तिरका बसला तर पेलेट दोन सेन्सरांमधलं जास्त अंतर कापतं आणि वेग कमी दिसतो. पाच अंशांच्या तिरकेपणाने जवळपास ०.४ टक्का फरक पडतो. घडीचा क्रोनोग्राफ पूर्ण न उघडण्याची चूक याहून त्रासदायक. सेन्सरांमधलं ३० सेंटिमीटरचं अंतर एका मिलिमीटरने कमी झालं, तरी वेग ०.३ टक्क्याने जास्त दिसतो.

आकडे विचित्र येत असतील तर

आधी बॅटरी बदला. नऊ व्होल्टची बॅटरी उतरू लागली की स्क्रीन नीट दिसत असतानाही रीडिंग भरकटतात. मग प्रकाश पाहा. कडक उन्हात छत्री लावा. संध्याकाळचं तिरपं ऊन थेट सेन्सरवर येत असेल तर आडोसा करा. रीडिंगच येत नसेल तर पेलेट सेन्सरपासून फार उंचावरून जात असण्याची शक्यता असते. चकचकीत पेलेट काळ्या मार्करने रंगवूनही पाहता येतं.

हे सगळं ठीक असूनही आकडे हलत असतील, तर यंत्राला दोष देणं थांबवा आणि रायफलकडे वळा. पीसीपी (आधीच भरलेल्या दाबाच्या हवेवर चालणारी) रायफल बराच वेळ पडून राहिल्यावर पहिलाच शॉट जोरात निघत असेल, तर हवेचा दाब ठरावीक ठेवणाऱ्या रेग्युलेटरमधून दाब हळूहळू पुढे झिरपतोय. हे सर्व्हिसिंगचं काम आहे. स्प्रिंग रायफलमध्ये तेल जास्त झालं की ते दाबाने पेटतं आणि वेग अचानक उसळतो. असे शॉट हिशेबात धरू नका, तेल जळून जाऊ द्या.

तीन शॉटवरून निष्कर्ष काढण्याची घाई फार जण करतात. पेलेटच्या एकाच डबीतली, एकाच हेड साइझची (तोंडाच्या व्यासाची) किमान दहा पेलेट्स मारा, सरासरीसोबत सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी वेगातला फरकही लिहा. स्वस्त यंत्र सरासरी थोडी चुकीची दाखवेल, पण चूक सगळ्या शॉटना सारखीच असल्याने हा फरक बऱ्यापैकी विश्वासाचा असतो.

एककांची गफलत कायद्याच्या बाबतीत भोवू शकते. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार एअर रायफलची ऊर्जा २० जूलच्या किंवा नळी ४.५ मिलिमीटरच्या वर गेली की परवाना लागतो. ऊर्जा काढताना वजन किलोग्रॅममध्ये आणि वेग सेकंदाला मीटरमध्येच घ्या, मग वजन गुणिले वेगाचा वर्ग, भागिले दोन. ०.५३ ग्रॅमचं पेलेट १७५ मीटरने गेलं तर ८.१ जूल होतात. २० जूलला तेच पेलेट सुमारे २७५ मीटरने, म्हणजे ९०० एफपीएसने जायला हवं. जाहिरातीतले हजाराचे आकडे बहुधा हलक्या मिश्रधातूच्या पेलेटवर काढलेले असतात. म्हणून वहीत वेगाशेजारी पेलेटचं नाव आणि वजन लिहिल्याशिवाय पान उलटू नका.