गावात गणित-विज्ञानाच्या शिकवणीला मुलं कशी मिळवायची

फ्लेक्स छापायच्या आधी वही घेऊन फिरा. आपलं गाव आणि एसटीच्या वाटेवरची जवळची दोन-तीन गावं धरा. आठवी ते दहावीत किती मुलं आहेत, कोणत्या शाळेत जातात, मराठी माध्यम की सेमी, हे लिहून काढा. सेमीत गणित-विज्ञान इंग्रजीतून असतं. तुमच्याकडे 'समभुज' शिकलेलं पोरगं शाळेत 'इक्विलॅटरल' ऐकून गप्प बसतं, म्हणून मिश्र बॅचमध्ये फळ्यावर दोन्ही शब्द हवेत.

विदर्भात उन्हामुळे शाळा उर्वरित राज्यानंतर, साधारण जूनअखेरीस उघडतात. तेव्हापासून पोळ्यापर्यंत बॅच भरायला हवी. डिसेंबरात येतात ती घाबरलेली दहावीची मुलं. नववीचं राहिलेलं दोन महिन्यांत भरून निघत नाही आणि निकालानंतर नाव तुमचं खराब होतं.

मुलं खरी मिळतात ती चाचणीतून. एखाद्या रविवारी समाजमंदिरात किंवा कुणाच्या ओसरीत २० गुणांची, ४० मिनिटांची फुकट चाचणी घ्या. प्रश्न मागच्या वर्गांचे ठेवा: −३ − ५, १/२ + १/३, २x + ३ = ११, ७५० मिली म्हणजे किती लीटर, सेल आणि बल्बची परिपथ आकृती. पहिल्याचं उत्तर बरेच जण ८ लिहितील, कारण 'मायनस-मायनस प्लस' हा गुणाकाराचा नियम बेरजेलाही लावलेला असतो. दुसऱ्याचं २/५ येईल. वरचे वर आणि खालचे खाली मिळवलेले असतात.

पेपर तपासून संध्याकाळी, माणसं वावरातून परतल्यावर, घरी दाखवा. पोरगं ढ आहे असं म्हणू नका. अपूर्णांक पाचवी-सहावीत राहिलेत, त्यावर इतके दिवस घालवावे लागतील, असं सांगा. गुण पानठेल्यावर बोललात तर ते पोरगं परत येणार नाही. आणि 'नव्वद टक्के देतो' हा शब्द कुणालाच देऊ नका.

आठवीच्या पालकांना एनएमएमएस ही केंद्र सरकारची शिष्यवृत्ती परीक्षा समजावून सांगा. सरकारी किंवा अनुदानित शाळा आणि साडेतीन लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असेल तर परीक्षा देता येते. निवड झाल्यास नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. तिच्यातल्या शालेय क्षमता चाचणी या पेपरच्या ९० प्रश्नांत विज्ञानाचे ३५ आणि गणिताचे २० असतात. पत्रकाची पहिली ओळ हीच ठेवा.

वेळ बसवर ठरवा. साडेदहाच्या शाळेला सकाळी साडेसहा ते आठ जमतं. शनिवारी शाळा सकाळची असते, त्या दिवशी सुट्टी देऊन रविवारी घ्या. अंधार पडल्यावरच्या बॅचला मुली येत नाहीत, आल्या तरी घरचे फार दिवस पाठवत नाहीत. मुलींना शाळेत फुकट ने-आण करणारी मानव विकासची निळी बस किती वाजता सुटते ते मुलींनाच विचारा.

पहिली बॅच आठ-दहाचीच बरी. नववी आणि दहावी एकत्र कोंबू नका. फी दरमहा मागितली तर शेतकरी घरं ऑगस्टमध्ये गळतात, कारण पैसा तेव्हा वावरात अडकलेला असतो. थोडी सुरुवातीला, मोठा हप्ता सोयाबीन विकल्यावर, उरलेली कापसानंतर. मजुरीवर चालणाऱ्या घरी बाजाराच्या दिवशी थोडी-थोडी घ्या. नातलगांच्या मुलांना निम्मी लावा, पण लावाच, नाहीतर महिनाभरात सगळं गाव नातलग निघतं.

शाळेत नोकरीवर असाल तर हे तुमच्यासाठी नाही: २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम २८ शिक्षकांना खासगी शिकवणी घेऊ देत नाही.