फोटो हलका कसा करावा, जरीचं काम न बिघडवता

दादर, परळ, गिरगावात घरून साड्या विकणाऱ्या बायका आता गिऱ्हाइकाला आधी फोटो दाखवतात, साडी नंतर. वेबसाइटवरचा फोटो ४ एमबीचा आहे आणि बघणारी बाई संध्याकाळच्या कर्जत लोकलमध्ये उभी आहे असं धरा. गर्दीत तिला २ एमबीपीएस (सेकंदाला २ मेगाबिट, आणि ८ मेगाबिटचा एक एमबी) वेग मिळाला, तर तो एक फोटो उघडायला १६ सेकंद लागतील. तोच २५० केबीचा असेल तर एका सेकंदात समोर येईल. पण कुठल्याही अ‍ॅपमध्ये टाकून फोटो दाबून काढला, तर पदरावरचे मोर पुसट होतात, आणि पैठणी तर त्या मोरांवरच विकली जाते.

यासाठी क्रम पाळावा लागतो. आधी मोजमाप, मग फॉरमॅट, आणि क्वालिटीची पट्टी सगळ्यात शेवटी. बहुतेक जण थेट पट्टीलाच हात घालतात, म्हणून फोटो फाटतो.

फोटो काढतानाच

ट्यूबलाइटच्या अपुऱ्या उजेडात फोन आयएसओ, म्हणजे उजेड टिपण्याची संवेदनशीलता, वाढवतो आणि फोटोत बारीक दाणे येतात. आपल्याला ते नको असतात, पण फाइल लहान करणाऱ्या प्रोग्रॅमला ते तपशीलच वाटतात आणि ते जपण्यात केबी खर्च होतात. साडी सकाळी खिडकीजवळ, साध्या चादरीवर पसरून फोटो काढा. तेवढ्यानेही फाइल हलकी होते आणि रंगही खरा येतो. मागचा पंखा, कपाट, दाराची कडी क्रॉप करून टाका.

फोटो दुसऱ्या कुणाकडून मागवत असाल तर व्हॉट्सअ‍ॅपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा. नेहमीसारखा पाठवला की व्हॉट्सअ‍ॅप तो वाटेतच लहान करतं, आणि गेलेला तपशील परत येत नाही.

आधी मोजमाप

१२ मेगापिक्सेलचा फोटो साधारण ४००० × ३००० असतो, म्हणजे १ कोटी २० लाख पिक्सेल. पुष्कळशा फोनच्या स्क्रीनची रुंदी १०८० पिक्सेलच्या आसपास असते. बाकीचे पिक्सेल गिऱ्हाइकाला दिसतच नाहीत, पण त्यांचा डेटा मात्र तिच्या रिचार्जमधून जातो. लांब बाजू १६०० वर आणा. १६०० × १२०० म्हणजे १९ लाख २० हजार पिक्सेल, मूळच्या सहाव्या हिश्शापेक्षाही कमी. थोडं झूम करून बघायलाही तेवढे पुरतात.

विंडोजच्या ‘पेंट’मध्ये ‘रीसाइझ’, मॅकच्या ‘प्रीव्ह्यू’मध्ये ‘अ‍ॅडजस्ट साइझ’, फोटो सुधारायच्या ‘गिंप’ या फुकट प्रोग्रॅममध्ये ‘स्केल इमेज’. लांबी-रुंदीचं प्रमाण जुळवून ठेवणारी खूण चालू आहे ना, तेवढं बघा. छापायचा फोटो मात्र असा लहान करू नका. पूर्ण ए४ पानावर ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) छापायला २४८० × ३५०८ पिक्सेल लागतात.

मग फॉरमॅट

साडी, चेहरा, जेवणाचं ताट अशा खऱ्या वस्तूंच्या फोटोला जेपीजी. किमतीचा तक्ता, लोगो, पैसे घ्यायचा क्यूआर कोड यांना पीएनजी. जेपीजीत अक्षरांच्या कडेला मळकट ठिपके येतात. पीएनजीत काहीच गमावलं जात नाही आणि सपाट रंगाची फाइल तशीही लहान राहते. याउलट, साडीचा फोटो पीएनजी केला तर तो कित्येक पट जड होतो.

शेवटी क्वालिटी

जेपीजी चित्राचे ८ × ८ पिक्सेलचे चौकोन पाडतो आणि प्रत्येक चौकोनातला अगदी बारीक चढउतार ढोबळ करतो. किती ढोबळ, ते क्वालिटीचा आकडा ठरवतो. १०० वरून ९० वर आलात तर डोळ्याला सहसा फरक जाणवत नाही, फाइल मात्र बरीच उतरते. विणकाम दाखवायचं असेल तर मी ८० ते ८५ च्या खाली जात नाही. चेहऱ्याच्या साध्या फोटोला ७५ चालतं. हा आकडा सगळ्या प्रोग्रॅममध्ये सारखा नसतो, एकातले ८० दुसऱ्यात वेगळे निघू शकतात. म्हणून आकड्यापेक्षा डोळ्यांवर विश्वास ठेवा.

त्यासाठी मला ‘स्क्वूश’ ही फोटो हलका करणारी वेबसाइट आवडते. ती ब्राउझरमध्ये चालते आणि फोटो तुमच्याच कॉम्प्युटरवर राहतो, कुठे अपलोड होत नाही. मधली रेघ सरकवून एका बाजूला मूळ आणि दुसऱ्या बाजूला हलका फोटो बघता येतो, खाली आकारही दिसतो. १०० टक्के झूमवर काठ बघा, साडीचा सपाट भाग नको.

आणि इथेच पैठणीची खरी परीक्षा असते. डोळ्याला उजेडातला फरक जितका बारीक कळतो तितका रंगातला कळत नाही. म्हणून जेपीजी बनवणारे बरेच प्रोग्रॅम उजेड पूर्ण ठेवतात आणि रंग मात्र चार पिक्सेलना मिळून एकच देतात. चेहऱ्यावर हे कळत नाही. पण काठावर हिरवा मुनिया (विणलेला पोपट) असेल आणि त्याची चोच लाल, तर ती चोच हिरव्यात विरघळते, कड तपकिरी दिसते. क्वालिटी ९५ केली तरी रंगाची ही कपात चालू असली की चोच काही सुधारत नाही. गिंपमध्ये जेपीजी एक्स्पोर्ट करताना ‘अ‍ॅडव्हान्स्ड’मध्ये ‘सबसॅम्पलिंग’, म्हणजे हीच रंगाची कपात, ४:४:४ करा, म्हणजे प्रत्येक पिक्सेलला स्वतःचा रंग राहतो. स्क्वूशमध्ये ‘ऑटो सबसॅम्पल क्रोमा’ची खूण काढून आकडा १ वर ठेवा. फाइल थोडी वाढेल. वाढू द्या, आणि हवं तर क्वालिटी दोन-चार आकड्यांनी उतरवा.

गुगलने २०१० साली आणलेला वेबपी फॉरमॅट जेपीजीपेक्षा सहसा लहान फाइल देतो, आणि वेबसाइटसाठी तो चांगलाच आहे. पण त्याच्या नेहमीच्या, तपशील सोडणाऱ्या प्रकारात रंगाची ही कपात कायमच असते, बंद करता येत नाही. सुती, एकरंगी साड्यांना वेबपी खुशाल वापरा. लाल-हिरव्या काठांना ४:४:४ जेपीजीच बरा.

जाता जाता तपासायचं

फोनने काढलेल्या फोटोत जागेचे अक्षांश-रेखांश साठवलेले असू शकतात, म्हणजे घरून विकणाऱ्या बाईचा पत्ताच. एक्स्पोर्ट करताना ‘एक्झिफ’ची, म्हणजे फोटोसोबत साठवलेल्या या माहितीची, खूण काढा, काही केबीही वाचतील. रंगाच्या प्रोफाइलबद्दल विचारलं तर ‘एसआरजीबी’ या सगळीकडे चालणाऱ्या प्रोफाइलमध्ये बदलून घ्या, नाहीतर आयफोनवर काढलेला राणी रंग दुसऱ्या फोनवर फिका दिसू शकतो.

मूळ फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये जपून ठेवा आणि नवा आकार हवा असेल तेव्हा त्याच्यापासूनच बनवा. हलकी केलेली जेपीजी बदलून पुन्हा सेव्ह केली की आधीच्या नुकसानीवर आणखी नुकसान चढतं.

परीक्षेच्या अर्जाला फोटो द्यायचा असेल तरी क्रम हाच. आयबीपीएसच्या बँक परीक्षांना फोटो २० ते ५० केबी आणि सही १० ते २० केबी मागतात. फोटो आधी २०० × २३० पिक्सेलवर आणा, मग क्वालिटी हलवा. फाइल २० केबीच्या खाली गेली तर क्वालिटी वाढवा, कारण कमी पडलेली फाइलही अर्ज नाकारतोच.